दिल्लीचे खेळाडू जातात कुठे? सॅलरी कॅप आणि हमीची गोष्ट

आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण त्यात गोल कमी आणि वजाबाकी जास्त.

मी नोएडात राहतो. दिल्ली डायनामोज हा संघ होता तेव्हा जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये त्यांचे सामने बघायला जायचो. मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळे प्रेक्षक लांब. पाठीवरचा नंबर ओळखीचा होईस्तोवर हंगाम संपायचा आणि तो खेळाडू पुढच्या वर्षी दुसऱ्याच शहराच्या जर्सीत दिसायचा. स्टँडमधली मंडळी म्हणायची, खेळत नसेल नीट, म्हणून सोडला.

मार्सेलिन्हो घ्या. ब्राझीलचा हा खेळाडू २०१६ मध्ये दिल्लीकडून खेळला, १० गोल केले आणि इंडियन सुपर लीगचा ‘गोल्डन बूट’ जिंकला. पुढच्या हंगामात तो पुण्याच्या संघात होता. लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा माणूस जातो, तेव्हा ‘नीट खेळत नव्हता’ हे उत्तर चालत नाही. उत्तर करारात शोधावं लागतं.

आधी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ, कारण हा हिशेब तिथं सगळ्यात उघडा दिसतो. तिथला फुटबॉल वेगळा, हातात चेंडू घेऊन पळण्याचा. त्यांच्या एनएफएलमध्ये १९९४ पासून सॅलरी कॅप आहे, म्हणजे एका संघानं सगळ्या खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. तिथं करार पाच वर्षांचा असला तरी पाचही वर्षांचा पगार पक्का नसतो. जेवढ्या रकमेची ‘हमी’ लिहिलेली, तेवढीच पक्की. बाकीची रक्कम संघानं खेळाडूला ठेवलं तरच मिळते. आणि हमीला तारखा असतात. अमुक दिवशी खेळाडू संघात असेल, तर पुढच्या वर्षाचा पगार पक्का. म्हणून त्या तारखेच्या आत माणसाला काढायची घाई.

डेन्व्हर संघाचा रसेल विल्सन हे याचं ठसठशीत उदाहरण. २०२२ मध्ये त्याच्याशी २४.५ कोटी डॉलरचा करार झाला. मार्च २०२४ मध्ये एक तारीख ओलांडली असती, तर २०२५ च्या ३.७ कोटी डॉलरची हमी लागू झाली असती. त्याआधीच्या हंगामातले शेवटचे दोन सामने त्याला बाकावर बसवलं, कारण दुखापत झाली तरी ती हमी गळ्यात पडली असती. मग मार्चमध्ये सोडूनच दिला. त्यापायी ८.५ कोटी डॉलर, खेळाडू संघात नसतानाही, डेन्व्हरच्या कॅपमध्ये मोजले गेले. तरी त्यांनी सोडला! नुकसान आज घ्यावं की उद्या मोठं घ्यावं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

आता परत दिल्लीत. आपला फुटबॉल फिफाच्या नियमांनी चालतो आणि तिथं उलटी रीत आहे. करार म्हणजे मुदत संपेपर्यंतची हमी. मनात आलं म्हणून क्लब मधेच खेळाडूला काढू शकत नाही. काढलं तर भरपाई. दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडू १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः करार मोडू शकतो. म्हणून आपल्याकडच्या बातमीत ‘परस्पर संमतीनं’ असे शब्द येतात. त्यामागे बहुधा काहीतरी देऊन मिटवलेलं असतं.

मग आपले क्लब खेळाडू कसे सोडत? सोपं होतं. करारच छोटा ठेवायचा. २०१४ ची पहिली लीग १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर, म्हणजे पुरते अडीच महिनेही नाहीत. त्या वर्षी दिल्लीनं इटलीचा देल पिएरो आणला. १० सामने, १ गोल, आणि गेला. अशा ‘मार्की’ खेळाडूचा पगार तेव्हा कॅपच्या बाहेर असे. मोठ्या नावाला मर्यादा नाही, मर्यादा बाकीच्यांना. २०१५ च्या लिलावात दिल्लीनं बचावपटू अनस एडाथोडिकाला ४१ लाखांना घेतलं. २०१७ मध्ये संघांना मोजकेच जुने खेळाडू ठेवता येणार होते, बाकीचे ड्राफ्टमध्ये. तिथं नव्या जमशेदपूर संघानं अनसला १ कोटी १० लाखांना उचललं. पुढे कॅप साडेसोळा कोटींवर आली. समजा, त्यातली निम्मी परदेशी खेळाडूंवर गेली. उरलेल्या सव्वाआठ कोटींत वीसेक भारतीय बसवायचे. चांगला खेळून ज्याचा भाव वाढतो, तोच अशा वेळी परवडेनासा होतो.

मुंबईच्या जुन्या लोकांना हे सगळं विचित्र वाटेल. त्यांनी रेल्वे, एअर इंडिया, बँका यांचे संघ पाहिलेत. तिथं खेळाडू नोकरीत असायचा. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची शाबूत, निवृत्तीनंतर पेन्शन किंवा फंड. पगार बेताचा, पण हमी साठीपर्यंतची. ती व्यवस्था हळूहळू आटली. महिंद्रा युनायटेडसारखा नावाजलेला संघ २०१० मध्ये बंदच झाला. नव्या व्यवस्थेत पैसा कितीतरी जास्त आला, हे मान्य. माझ्या मते खेळाडूंनी तो घ्यायलाच हवा होता. पण साठीपर्यंतची हमी हंगामापुरती झाली, हा सौदा त्यांना कुणी समजावून सांगितला असेल असं वाटत नाही.

आणि करार फिफाच्या नियमानं पक्का असला, तरी पगार देणारा क्लब पक्का हवा ना! २०१९ मध्ये दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. त्याच वर्षी पुण्याचा संघ मिटला, त्याच्या जागी हैदराबाद आला. आपला मार्सेलिन्हो पुण्याहून हैदराबादला आणि तिथून ओडिशाला, म्हणजे नाव बदललेल्या जुन्या घरी पोचला. हैदराबादचा संघ विजेता झाला, मग देणी थकली आणि फिफानं नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली.

जुलै २०२५ मध्ये तर लीगच थांबली. महासंघाचा व्यावसायिक भागीदाराशी असलेला करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरेना. प्रकरण दिल्लीतच, सर्वोच्च न्यायालयात. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबनं पगार थांबवले, ओडिशानं खेळाडूंचे करार स्थगित केले. कॅप नाही, हमीची तारीख नाही, कुणी वाईट खेळलंही नाही. खेळायलाच काही उरलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबादचा संघ दिल्लीत आला. आता त्याचं नाव आहे स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्याची ती जागा, हैदराबादमार्गे, आमच्याकडे पोचली आहे.