पाण्याखालचा हात आणि मिलचा पूल

आज आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. एखाद्याला न विचारता धरावं का? जमिनीवर आपण आधी बोलतो, मग हात लावतो. पाण्याखाली बोलताच येत नाही. म्हणून हा प्रश्न आपण तिथे नेऊन पाहू.

जुन्या, शिरस्त्राणवाल्या पाणबुड्याला हवा वरून नळीने मिळे आणि त्याची दोरी वरच्या माणसाच्या हातात असे. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी ॲक्वालंग तयार केलं. पाणबुड्या मोकळा झाला, आणि त्याच क्षणी एकटाही झाला. वरच्या राखणदाराची जागा मग सोबत पोहणाऱ्या जोडीदाराने घेतली.

त्या उपकरणाला माउथपीस एकच. जोडीदाराची हवा संपली, की दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा. दोन तुझे, दोन माझे. देणाऱ्याने दुसऱ्याचा पट्टा घट्ट धरायचा, कारण हातभर अंतर पडलं तरी देवाणघेवाण तुटते. वर येताना ज्याच्या तोंडात माउथपीस नाही त्याने हवा सोडत राहायचं. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईतो फुप्फुसातली हवा दुप्पट होते. श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकतं. पुढे जादा माउथपीस आलं, आळीपाळी मागे पडली. एकमेकांना धरून वर येण्याची रीत मात्र टिकली.

हा स्पर्श आधी ठरलेला असतो, त्यामुळे तिथे वाद नाही. मालवणला पहिल्यांदा उतरणाऱ्याच्या सिलिंडरवर प्रशिक्षकाचा हात असतो. तेही होडीवरच सांगून ठेवावं. अवघड प्रश्न पुढचा आहे: काहीच ठरलेलं नसेल तर?

इथे जॉन स्टुअर्ट मिल उपयोगी पडतो. १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त तो एका मोडकळीला आलेल्या पुलाचं उदाहरण देतो. सावध करायला वेळ नसेल, तर त्यावर जाणाऱ्याला धरून मागे ओढावं. त्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नसते. आपल्याकडे एवढंच सांगून थांबतात. मिल मात्र पुढे म्हणतो, की नुसताच धोका असेल, खात्री नसेल, तर सावध करावं. जबरदस्ती करू नये. अपवाद लहान मुलाचा, किंवा ज्याचं भान सुटलंय त्याचा.

आता हे पाण्याखाली लावून पाहू. जोडीदार जरा खोल चाललाय? खूण करा, हवा किती उरली ते विचारा. घाबरून त्याने माउथपीस थुंकलं आणि तो वर झेपावतोय? धरा. तीसेक मीटरच्या खाली नायट्रोजनची गुंगी चढू शकते. आपल्याला ती चढलीय हे त्याला कळतही नाही, आणि खुणेला उत्तर येत नाही. तिथेही धरा, हळूहळू वर आणा.

पण कसं धरायचं? घाबरलेला माणूस समोरच्याला मिठी मारतो, त्याचं माउथपीस ओढतो. म्हणून मागून जाऊन सिलिंडरचा वरचा भाग पकडावा, असं शिकवतात. आणि तो सावरला, की हात सोडायचा. धरण्याचा अधिकार त्या संकटापुरताच असतो. पोहणं पुन्हा ज्याचं त्याचं.