पाचवं चाक : बैलगाडीच्या आखापासून कॉजवेपर्यंत

थंडी सुरू झाली की सखीरच्या वाळूत तंबू उभे राहतात आणि पिकअपमागे कॅरॅव्हॅन जोडून कुटुंबं तिकडे निघतात. किंग फहद कॉजवेवर तर ट्रेलरची वर्दळ बारा महिने. मोठ्या ट्रेलरचं नाक ट्रकवर जिथे टेकतं, त्या लोखंडी तव्यासारख्या बैठकीला म्हणतात फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवं चाक. पण तिथे चाक तर दिसत नाही! मग हे नाव कुठून आलं?

ते आलं घोडागाडीतून. मुंबईची व्हिक्टोरिया आठवा. चार चाकांची गाडी वळायची, तर पुढचा आख फिरायला हवा. म्हणून आखावर एक लोखंडी कडं आडवं बसवत आणि गाडीचा पुढचा भाग त्यावर टेकत असे. चार चाकं रस्त्यावर, हे पाचवं वर आडवं.

१९१४ साली अमेरिकेत डेट्रॉइट इथे फ्रेडरिक सिबली या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी न्यायची होती. ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने त्याच्या फोर्ड मोटारीला जोडायला दोन चाकी गाडा बनवला. गाड्याला पुढे चाकंच नाहीत. पुढचा भार मोटारीवर. त्याने नाव दिलं ‘सेमी-ट्रेलर’. पुढे अशा जोडणीसाठी घोडागाडीचं पाचवं चाक ट्रकवर चढलं.

आता खरा प्रश्न : हा भार ट्रकवर नेमका कुठे टेकवायचा? याचं उत्तर आपल्या गाडीवानाला केव्हाच ठाऊक होतं. बैलगाडीत ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं. फार पुढे आलं, तर बैलांच्या मानेवर येतं. म्हणून ओझं आखावर तोलून, किंचित पुढे झुकतं ठेवायचं.

पिकअपचंही तसंच. बंपरच्या गोळ्यावर भार दिला, तर तो मागच्या आखाच्या मागे पडतो आणि पुढची चाकं हलकी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हीची पकड सुटते. उसाच्या हंगामात चढावर ट्रॅक्टरचं तोंड वर उचललेलं आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, तीही उलाळच. म्हणून जड ट्रेलरची बैठक पिकअपच्या हौद्यात, मागच्या आखाच्या बरोबर वर किंवा दोन-चार इंच पुढे बसवतात.

मग आणखी पुढे का नको? कारण वळण. ट्रेलर साधारण आठ फूट रुंद. काटकोनात वळला, की त्याचा कोपरा केबिनच्या दिशेने चार फूट येतो. बैठक केबिनपासून त्याहून लांब नसेल, तर मागची काच गेलीच समजा. आठ फुटी हौद्यात हे गणित जुळतं. साडेपाच-सहा फुटी हौद्यात जुळत नाही. म्हणून वळताना मागे सरकणारी बैठक निघाली.

विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने १९२०च्या दशकाच्या अखेरीस घरासारख्या ट्रेलरसाठी हीच जागा निवडली. मोटारीच्या मागच्या भागात त्याने हवा भरलेला टायर आडवा बसवला आणि ट्रेलरची खुंटी त्यात अडकवली. धक्के टायरने सोसले. हे पाचवं चाक खरोखरच चाक होतं!

बहरीनला या जोडणीचं महत्त्व नोव्हेंबर १९८६ मध्ये एकदम वाढलं. सुमारे २५ किलोमीटरचा कॉजवे खुला झाला आणि बेटावर माल घेऊन थेट ट्रक येऊ लागले. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, हिद्दचं खलिफा बिन सलमान बंदर २००९ मध्ये. आज तिथून इथे येणारा कंटेनर दोन्ही टोकांना अशाच बैठकीवर स्वार होतो. ट्रेलरखालची खुंटी ठरलेल्या मापाची, बहुतेक दोन इंची. म्हणून तिकडचा ट्रक वेगळा, इकडचा वेगळा, तरी जोडणी बसते.

तेव्हा मंडळी, यंदा सखीरला कॅरॅव्हॅन न्याल, तेव्हा सामान भरताना तिच्या आखाकडे बघा. कॅरॅव्हॅनच्या शेपटीला पाण्याची पिंपं रचली, की ती रस्त्यावर डोलू लागते. जड सामान आखाजवळ, थोडं पुढे ठेवा. घरात कुणी गाडी हाकलेले आजोबा असतील, तर त्यांना विचारा. ‘उलाळ’ म्हणजे काय, ते मुलांना समजावून सांगतील. पुन्हा भेटूच. नमस्कार!