प्रकाशोपचार, हिवाळी नैराश्यावरील (भीमाशंकर परिसराच्या संदर्भात)

प्रखर कृत्रिम प्रकाश ठरावीक वेळी डोळ्यांपर्यंत पोहोचवून नैराश्यावर करायचा उपचार. शरद ऋतूच्या अखेरीस सुरू होणारे, वसंतात ओसरणारे आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास परतणारे नैराश्य हे त्याचे मुख्य क्षेत्र. मराठी घरांत ‘फोटोथेरपी’ म्हटले की नवजात बाळाची कावीळ उतरवणारा निळा दिवा किंवा कोड व सोरायसिसवरचे अतिनील किरण आठवतात. ते उपचार त्वचेमार्फत चालतात, हा डोळ्यांमार्फत. त्याच्या दिव्यातून अतिनील किरण गाळून टाकलेले असतात. त्यामुळे ‘ड’ जीवनसत्त्व भरून काढण्याशीही त्याचा संबंध नाही.

लक्षणे : नेहमीच्या नैराश्यात झोप उडते, अन्नावरची वासना जाते. हिवाळी नैराश्यात बहुधा उलटे घडते. माणूस खूप झोपतो तरी ताजातवाना होत नाही, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ लागते, वजन वाढते, चारचौघांत जाणे नकोसे होते. एखाद्या वर्षीच्या उदासीवरून निदान करत नाहीत. किमान लागोपाठ २ वर्षे तोच क्रम दिसावा लागतो आणि त्या काळात इतर ऋतूंत नैराश्याचा झटका आलेला नसावा लागतो.

इतिहास : प्रकाशाने रोग बरे करण्याला वैद्यकात मान मिळवून दिला तो डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनाच्या आजारापर्यंत ही वाट पोहोचायला मात्र १९८० साल उजाडले. माणसाच्या रक्तातील मेलाटोनिन हे संप्रेरक घरातल्या साध्या दिव्याने दबत नाही, प्रखर प्रकाशाने दबते, असे अमेरिकेतील संशोधक आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी दाखवले. त्याच सुमारास स्वतःच्या मनःस्थितीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घेऊन एक अमेरिकन अभियंता या संशोधकांकडे आला. हिवाळ्यात त्याच्यासाठी पहाट लवकर आणि संध्याकाळ उशिरा आणली, म्हणजे दोन्ही वेळा प्रखर दिव्यांसमोर बसवले, आणि काही दिवसांत तो सावरला. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल यांनी २९ रुग्णांच्या अभ्यासातून या विकाराचे रीतसर वर्णन केले. रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. अमेरिकेच्या ईशान्य भागातले हिवाळे त्यांना स्वतःलाही जड गेले होते. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला ही गोष्ट आधी दिसली यात नवल नाही.

कार्यपद्धती : दृष्टिपटलात, पाहण्याच्या कामी येणाऱ्या पेशींखेरीज, नुसता उजेड मोजणाऱ्या काही पेशी असतात. त्यांचा शोध २००२ च्या आसपास पक्का झाला. निळसर प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात आणि मेंदूतील जैविक घड्याळाला दिवस-रात्रीची खबर देतात. सूर्य उशिरा उगवू लागला की काहींचे हे घड्याळ मागे पडते. सकाळचा प्रखर प्रकाश ते पुढे आणतो, ही सर्वाधिक मान्य उपपत्ती. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनात ऋतुमानानुसार होणारा बदल ही दुसरी. दोन्हींपैकी एकीनेही सगळ्या रुग्णांचा उलगडा होत नाही.

जितके उत्तरेला तितका हा विकार अधिक, असे मानले जाते, पण अक्षांश हे कारणही पुरते सरळ नाही. अमेरिकेत फ्लोरिडापेक्षा न्यू हॅम्पशायरमध्ये हा विकार कितीतरी अधिक आढळला. मात्र आइसलँडमध्ये तो अपेक्षेपेक्षा कमी निघाला आणि कॅनडाच्या मॅनिटोबात स्थायिक झालेल्या आइसलँडवंशीयांतही कमीच. म्हणजे पिढ्यानपिढ्यांच्या वारशालाही येथे जागा आहे.

पद्धत व परिणाम : १०,००० लक्सचा (लक्स : प्रकाशाच्या प्रखरतेचे एकक) दिवा चेहऱ्यापासून साधारण हात-दीड हातावर ठेवून सकाळी उठल्यावर लवकरच अर्धा तास बसतात. दिव्याकडे टक लावायची नसते. वाचावे, न्याहारी करावी, डोळे उघडे असले म्हणजे झाले. २,५०० लक्सच्या दिव्यासमोर यासाठी सुमारे २ तास लागतात. गुण बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतो आणि उपचार मध्येच सोडल्यास लक्षणे परततात, म्हणून वसंतापर्यंत तो चालू ठेवतात. कॅनडातील २००६ च्या तुलनात्मक चाचणीत प्रकाश आणि फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरील औषध सारखेच गुणकारी ठरले. अमेरिकेतील एका अभ्यासात बोधात्मक वर्तनोपचार घेतलेल्यांमध्ये दोन हिवाळ्यांनंतर आजार उलटण्याचे प्रमाण प्रकाशोपचार घेतलेल्यांपेक्षा कमी होते. रोज सकाळी दिव्यासमोर बसण्याचा नेम वर्षानुवर्षे पाळणे किती जणांना जमेल, हा प्रश्न वैद्यकापेक्षा मनुष्यस्वभावाचा आहे.

डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, मळमळ, चिडचिड हे सौम्य त्रास होऊ शकतात. द्विध्रुवी विकार असलेल्याला उन्मादाचा झटका येण्याचा धोका असतो, म्हणून त्याने मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हा उपचार करू नये. दृष्टिपटलाचा विकार असलेल्यांनी, मधुमेहामुळे डोळ्यांची हानी झालेल्यांनी आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

भीमाशंकर परिसर : पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या पश्चिम कडेला, सुमारे १९ उत्तर अक्षांशावर, सह्याद्रीच्या माथ्याचा हा प्रदेश आहे. ज्योतिर्लिंग, भीमेचा उगम आणि शेकरूसाठी राखलेले अभयारण्य (१९८५) यांसाठी तो प्रसिद्ध. हिवाळी नैराश्याचे पाठ्यपुस्तकी चित्र येथे जवळजवळ उलटे होते. वर्षातला सर्वांत लहान दिवसही येथे ११ तासांच्या आसपास असतो. लंडनला तो ८ तासांहून कमी आणि स्टॉकहोमला ६ तासांच्या घरात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश बहुतेक निरभ्र असते. भातकापणी, झोडणी, मळणी सगळी उघड्यावर, पुढे हिरड्याचा हंगाम. मोकळ्या उन्हात १ लाख लक्सपर्यंत प्रकाश मिळतो. सकाळी ओट्यावर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्याला त्या दिव्याच्या कित्येक पट उजेड फुकट मिळत असतो.

येथला अंधार पावसाळ्यातला. जून ते सप्टेंबर धुके माथ्यावरून हलत नाही, सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही आणि रानात दाट झाडोऱ्याखाली भर दुपारी सांजावल्यासारखे वाटते. त्या ओल्या काळोखात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री चमकते आणि ती पाहायला शहरातून लोक येतात. पावसाचा मारा आत येऊ नये म्हणून पडव्या झाकतात. मग घरात चुलीचा उजेड तेवढा. तरीही याला ‘पावसाळी नैराश्य’ म्हणून हिवाळी नैराश्याच्या पंगतीला बसवणे घाईचे ठरेल. याच दिवसांत, जूनमध्ये, दिनमान वर्षातले सर्वांत मोठे, १३ तासांवर असते. घटते ती उजेडाची प्रखरता. शिवाय ढगाळ आभाळाखालीही उघड्यावर हजारो लक्स मिळू शकतात, बंद घरात मात्र काहीशेसुद्धा नाहीत. भातलावणीला गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई आणि बंद पडवीत आजारी पडलेली तिची सासू एकाच आषाढात असतात, पण त्यांचा उजेड एक नसतो. मरगळीला इतरही कारणे असतात : दाण्यागोट्याची टंचाई, हिवताप-सर्दी, खचलेले रस्ते, हाताला नसलेली मजुरी. यांवर दिवा काय करणार? वारंवार वीज जाणाऱ्या वाडीत तर तो पेटायचाही नाही.

म्हणून या भागात कुणाला हिवाळ्यात उदासीने घेरले, तर ते ऋतूच्या माथी मारून वसंताची वाट पाहणे धोक्याचे. ते बहुधा साधे, कोणत्याही महिन्यात येऊ शकणारे नैराश्य असते. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि दारू हीही कारणे तपासावी लागतात.

परदेशस्थ मराठी कुटुंबे : या उपचाराशी मराठी माणसाची खरी गाठ पडते ती उत्तरेकडे गेल्यावर. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात, बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, आणि त्यानंतर कचेरीतून बाहेर पडेपर्यंत अंधार झालेला असतो. या अंधारात पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात होणारी मनाची घसरण ‘घरची आठवण’ म्हणून सोडून दिली जाते. आठवण उन्हाळ्यातही येते. झोप, भूक आणि वजन मात्र दरवर्षी नोव्हेंबरातच बिघडत असेल, तर डॉक्टरांकडे ऋतूचा उल्लेख करावा. दिवा घेताना १०,००० लक्स किती अंतरावर मिळतात आणि अतिनील किरण गाळलेले आहेत का, हे पाहावे. सजावटीच्या रंगीत दिव्यांचा उपयोग नाही, आणि सूर्याकडे थेट पाहणे हा तर उपचारच नव्हे, त्याने दृष्टिपटल भाजते.

मदत : महाराष्ट्रात नैराश्यासाठी ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य उपलब्ध असून मराठीत बोलता येते. पुण्यात येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जीव द्यावासा वाटत असेल, तर ऋतू, दिवा, निदान हे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी.