शिडाच्या नौकेवर बारा व्होल्टचे सूर

शिडाच्या नौकेला वारा फुकट मिळतो, वीज मात्र मोजून मिळते. किनाऱ्यावरच्या घरात संगीत ऐकताना विजेचा हिशेब कोणी मांडत नाही. समुद्रात चार-पाच दिवस काढणाऱ्या नौकेवर तो पहिल्या संध्याकाळपासून मांडावा लागतो. कारण ज्या बॅटरीवर गाणी वाजतात, त्याच बॅटरीवर रात्रीचे दिवे, व्हीएचएफ रेडिओ, एआयएस, नकाशादर्शक आणि स्वयंचलित सुकाणू चालत असतात. एखाद्या नौकेवर तर इंजिन सुरू करण्याचे कामही त्याच बॅटरीकडे असते. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर बोयाला बांधून ठेवलेल्या नौकांना किनाऱ्यावरची वीज मिळत नाही. त्यामुळे हा प्रश्न केवळ दूरच्या सफरींपुरता नाही. शनिवारी मांडव्याला जाऊन रविवारी परतणाऱ्यांनाही तो लागू होतो.

समुद्रात एकट्याने दिवस काढणाऱ्यांना संगीताची सोबत किती मोलाची वाटते, याची साक्ष नौकानयनाच्या इतिहासात आहे. मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या 32 फुटी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये 312 दिवसांत, कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली. त्या सफरीच्या स्मरणार्थ 2018 मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा स्पर्धकांना जुन्याच काळातील साधने वापरण्याचे बंधन घालण्यात आले. संगीतासाठीही डिजिटल साधनांना मनाई होती, कॅसेट तेवढ्या चालत. याच शर्यतीच्या 2022-23 च्या आवृत्तीत भारताचे अभिलाष टॉमी दुसरे आले. हौशी नाविकावर असले बंधन नाही. आजची साधने त्याला वापरता येतात आणि वीज वाचवण्यात ती कॅसेटच्या काळापेक्षा कितीतरी पुढे आहेत. मात्र ती नीट निवडली आणि नीट जोडली तरच.

हिशेब अ‍ॅम्पिअर-तासांचा

नौकेवरची वीज अ‍ॅम्पिअर-तासांत मोजण्याचा प्रघात आहे. 100 अ‍ॅम्पिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी खरे 50. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीतून ऐंशी टक्क्यांपर्यंत वीज घेता येते, पण तिची किंमत आणि चार्जिंगची पथ्ये वेगळी. आता चोवीस तासांचा खर्च पाहावा. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकण्यासाठी चालू ठेवला तरी ताशी सुमारे 0.3 अ‍ॅम्पिअरने दिवसाला 7 अ‍ॅम्पिअर-तास खातो. नकाशादर्शक दहा तास चालला तर 10 जातात. स्वयंचलित सुकाणू आठ तास धरले तर समुद्राच्या स्थितीनुसार 16 ते 24. नांगरावरचा दिवा एलईडीचा असेल तर रात्रभरात 2, आणि जुना दहा वॉटचा बल्ब असेल तर तोच आकडा 10 वर जातो. थोडक्यात, गाणे लागण्यापूर्वीच 40 च्या आसपास खर्ची पडलेले असतात.

या हिशेबात मोटारीचा स्टिरिओ बसवला की काय होते? मंद आवाजातही तो सहज 0.8 अ‍ॅम्पिअर घेतो. आठ तासांत 6 ते 7 अ‍ॅम्पिअर-तास संपतात. शिवाय बंद असतानाही घड्याळ आणि स्टेशनांची स्मृती जपण्यासाठी तो थोडी वीज ओढत राहतो आणि आठवडाभर बोयावर उभ्या असलेल्या नौकेत ही गळती हळूहळू साठत जाते. त्याहून वाईट मार्ग म्हणजे घरातील संगीतसंच इन्व्हर्टरवर चालवणे. मोठा इन्व्हर्टर काहीही न चालवता स्वतःसाठीच अर्धा ते एक अ‍ॅम्पिअर खाऊ शकतो. बारा व्होल्टचे 230 करायचे आणि संचात शिरल्यावर पुन्हा त्यांचे बारा-पंधरा करायचे, हा द्राविडी प्राणायाम नौकेवर परवडणारा नव्हे.

उत्पन्नाची बाजूही पाहिली पाहिजे. 100 वॉटचे सौरपटल कोकण किनाऱ्यावरच्या स्वच्छ दिवसात 25 अ‍ॅम्पिअर-तासांच्या घरात भर घालते असे धरावे. शिडाची वा डोलकाठीची सावली पडली की ते घटते. सुदैवाने इथला नौकानयनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा कोरड्या महिन्यांचा आहे.

एक वॉट पुरे

कमी विजेच्या संगीताचे मर्म एका गोष्टीत आहे. खोक्यावर छापलेल्या 200 वॉटच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सर्वसाधारण स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर सुमारे 87 डेसिबल आवाज मिळतो. वॉटचा दहावा हिस्सा दिला तरी 77 डेसिबल उरतात आणि नेहमीचे बोलणे तर 60-65 डेसिबलचेच असते. नौकेच्या छोट्याशा केबिनमध्ये श्रोता स्पीकरपासून हातभर अंतरावर बसलेला असतो. तेथे सरासरी एक वॉटही लागत नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीपेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहून खरेदी करावी. 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला की तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते, 93 चा घेतला की पाव. हा फायदा पुढे वर्षानुवर्षे फुकट मिळत राहतो.

अ‍ॅम्प्लिफायर ‘क्लास डी’ प्रकारचा असावा. जुन्या ‘क्लास एबी’ मंडलात आवाज नसतानाही प्रवाह वाहत असतो आणि मंद आवाजात त्यातील बहुतांश विजेची नुसती उष्णता होते. क्लास डीमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला लक्षावधी वेळा पूर्ण चालू वा पूर्ण बंद होतात, त्यामुळे वाया जाणारी वीज थोडी. ट्रायपाथ या अमेरिकी कंपनीने 1998 च्या सुमारास आणलेली टीए2020 ही चिप या प्रकाराला घराघरांत घेऊन गेली. ‘आयईईई स्पेक्ट्रम’ने 2009 मध्ये जगाला हादरवणाऱ्या पंचवीस चिपच्या यादीत तिला स्थान दिले, तोवर कंपनी 2007 मध्ये दिवाळखोरीत गेलीही होती. तिच्याच टीए2024 या चिपचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर हौशी मंडळींमध्ये अजूनही फिरतात. पण नौकेवर तेथे एक फसगत आहे. या चिपची शिफारस केलेली कमाल मर्यादा 13.2 व्होल्ट आहे आणि सौरपटल किंवा इंजिन चार्जिंग करीत असताना ‘बारा व्होल्टची’ बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत जाते. त्यापेक्षा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए3116 या चिपचे मंडल बरे. ते 26 व्होल्टपर्यंत चालते. असा अ‍ॅम्प्लिफायर केबिनमधल्या बेताच्या आवाजात 0.15 ते 0.2 अ‍ॅम्पिअरवर भागवतो. म्हणजे आठ तासांना दीड अ‍ॅम्पिअर-तास. मोटारीच्या स्टिरिओचा जेमतेम पाव हिस्सा.

गाण्यांचा उगम म्हणून मोबाइल पुरेसा आहे. मात्र किनारा मागे पडला की नेटवर्क जाते. तेव्हा गाणी आधीच उतरवून घ्यावीत. काही संगीतसेवा उतरवलेली गाणीही महिन्यातून एकदा इंटरनेटशी जोडल्याखेरीज वाजू देत नाहीत, ही बाब लांबच्या सफरीवर निघणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात येत नाही. स्वतःच्या मालकीच्या ध्वनिफिती मेमरी कार्डावर ठेवणे सर्वांत निर्धोक. संगणकी हात असलेले काही जण रास्पबेरी पायवर संगीतपेढी उभारतात. त्यातील मोठी मॉडेले स्वस्थ बसूनही तीन वॉट घेतात, चोवीस तास चालू ठेवल्यास 6 अ‍ॅम्पिअर-तास. ‘झिरो’ हे लहान भावंड एका वॉटच्या आत भागवते. ज्यांना तारांचा उपद्व्यापच नको, त्यांना ब्लूटूथ स्पीकर उत्तम. वीस वॉट-तासांची बॅटरी असलेला स्पीकर एकदा भरायला साधारण 2 अ‍ॅम्पिअर-तास पुरतात आणि ऊन असताना दुपारीच भरून ठेवला तर रात्रीच्या बॅटरीला त्याचा भार पडत नाही. खरे तर निम्म्या नौकांची गरज एवढ्यानेच भागावी.

होकायंत्राशी वैर

प्रत्येक स्पीकरच्या पोटात चुंबक असतो आणि नौकेचा मार्ग होकायंत्रावर ठरतो. सुकाण्याजवळच्या होकायंत्राशेजारी कोणी स्पीकर लावत नाही. चूक होते ती दुसऱ्या ठिकाणी. स्वयंचलित सुकाण्याचे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बहुधा एखाद्या कपाटात, बाकाखाली किंवा लाकडी भिंतीमागे नजरेआड बसवलेले असते. केबिनमध्ये सोयीची जागा पाहून भिंतीवर स्पीकर लावावा आणि नेमके पलीकडे ते यंत्र निघावे, असे घडू शकते. नौका काही अंश वाकडी जाऊ लागते आणि दोष मात्र भरतीच्या प्रवाहाला दिला जातो. किमान एक मीटर अंतर राखावे, मोठ्या चुंबकासाठी त्याहून अधिक. स्क्रू मारण्यापूर्वी स्पीकर हातात धरून नियोजित जागी न्यावा आणि होकायंत्राची तबकडी व सुकाणूयंत्रावरील अंश हलतात का ते पाहावे. किंचितही हलले तर जागा बदलावी. सुटा ब्लूटूथ स्पीकर तर कोणीही उचलून होकायंत्राला टेकवून ठेवू शकतो.

दुसरा शत्रू अदृश्य आहे. क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर, स्वस्त यूएसबी चार्जर आणि हलके एलईडी दिवे रेडिओलहरींचा कचरा पसरवतात. अमेरिकी तटरक्षक दलाने 2018 मध्ये एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस बहिरे होत असल्याचा इशारा काढला होता. याची चाचणी सोपी आहे. व्हीएचएफ एखाद्या शांत वाहिनीवर लावून खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च ठेवावा आणि मग संगीतसंच चालू करावा. खरखर परतली तर संच दोषी. तारांना फेराइटची कडी घालावी, संच अँटेनाच्या केबलपासून दूर न्यावा. तेवढ्याने भागले नाही तर तो बदलावा. मदतीची हाक ऐकू येऊ न देणारे यंत्र नौकेवर ठेवण्यात अर्थ नाही.

जोडणीची पथ्ये थोडी, पण कडक आहेत. तार कल्हईच्या तांब्याची आणि बहुपदरी असावी. खाऱ्या हवेत साधे तांबे आतून काळे पडते. तीन अ‍ॅम्पिअरचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरजवळ न लावता बॅटरीकडच्या टोकाला लावावा, कारण जळण्याचा धोका मधल्या तारेला असतो. संचाला पूर्ण तोडणारा स्वतंत्र स्विच द्यावा. क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सहसा ‘जिवंत’ असतात. जुन्या मोटारीच्या सवयीने त्यातील एक नौकेच्या ऋण तारेला जोडली की अ‍ॅम्प्लिफायर तेथेच संपतो. मोबाइल त्याच बॅटरीवर चार्ज होत असताना केबलने अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तर एक चिरका सूर ऐकू येतो. तो कानात येणारा भास नसून तारांचे बंद वर्तुळ झाल्याचा परिणाम असतो. छोटा विलगक ट्रान्सफॉर्मर बसवला की तो थांबतो. स्पीकर प्लॅस्टिक शंकूचा आणि रबरी कडेचा घ्यावा. कागदी शंकूला एका पावसाळ्यात बुरशी धरते.

पहाऱ्यावर असणाऱ्याने कानात हेडफोन घालू नयेत. जहाजांची टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पाचवा नियम डोळ्यांबरोबरच कानांनीही सतत पहारा ठेवण्यास सांगतो. धुक्यात किंवा रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या मच्छीमार होडीची चाहूल अनेकदा आधी कानालाच लागते. म्हणून सुकाण्याजवळच्या स्पीकरचा आवाज तेथूनच एका हाताने बंद करता यावा आणि वाहिनी 16 वरील बोलणे त्यावरून ऐकू यावे इतकाच तो ठेवावा. नांगर टाकल्यावर रात्रीच्या शांत पाण्यावरून आवाज फार दूर जातो. शेजारच्या नौकेवरील माणसे पहाटेच्या भरतीला निघणार असतात.