चरख्याची शिफारस आणि टीकाकारांस उत्तर

एखाद्या साधनाची शिफारस करणारा लेख लिहिणे सोपे. परंतु त्या लेखावर टीका झाली म्हणजे तिला उत्तर देणे अवघड. मागे आम्ही असे सुचविले होते की, जेथे मराठी पुस्तके वेळेवर पोहोचत नाहीत, अशा शाळांनी टॅबवर वाचनाचे तास घ्यावेत. त्यावर अनेक शिक्षकबंधूंची पत्रे आली. खर्च, विजेची अडचण, मुलांचे डोळे इत्यादी आक्षेपांस आम्ही यथामति उत्तरे जुळविली. एका पत्रातील प्रश्नापुढे मात्र आमची लेखणी थांबली. ‘आपण स्वतः या साधनावर एक तरी तास घेतला आहे काय?’ आम्ही तो घेतलेला नव्हता. अशा प्रसंगी थोरांनी काय केले, हे पाहू लागलो असता महात्मा गांधींच्या चरख्याचा इतिहास डोळ्यांपुढे आला.

‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक १९०९ सालचे. त्यात दारिद्र्यावर उपाय म्हणून हातमागाचा व चरख्याचा विचार मांडला, तेव्हा ती वस्तू आपण पाहिल्याचे आठवत नाही, अशी कबुली गांधीजींनी आत्मकथेत दिली आहे. १९१७ साली भडोच येथील शिक्षण परिषदेत त्यांची गंगाबेन मजमुदार यांच्याशी भेट झाली. पुढे या बाईंनी गुजरातभर शोध केला आणि अखेर तत्कालीन बडोदे संस्थानातील विजापूर येथे त्यांना चरखे सापडले. तेही निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकलेले. म्हणजे शिफारस आधी झाली, साधन मागाहून मिळाले. परंतु ते मिळताच साबरमतीच्या आश्रमात प्रत्यक्ष कताई सुरू झाली आणि मगनलाल गांधींनी चरख्यात सुधारणा केल्या.

टीकाकार सामान्य नव्हते. ऑक्टोबर १९२१ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी, लोक विचार न करता केवळ आज्ञा म्हणून सूत कातू लागले आहेत, असा इशारा दिला. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले आणि रवींद्रनाथांस ‘थोर पहारेकरी’ म्हणून गौरविले. अंधानुकरण त्याज्य आहे, हा आक्षेपाचा भाग त्यांनी मान्य केला. मात्र उपाशी माणसास प्रथम काम व अन्न हवे, हा आपला मुद्दा सोडला नाही.

१९२४ साली शांतिनिकेतनातील एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की, आपला सर्वच यंत्रांस विरोध आहे काय? गांधीजींनी उत्तर दिले की, शरीर हेही यंत्र आणि चरखा हेही यंत्रच. आपला विरोध यंत्रांच्या वेडास आहे. सिंगरच्या शिवणयंत्राचा त्यांनी अपवाद म्हणून उल्लेख केला. विद्यार्थी तेवढ्यावर थांबला नाही. शिवणयंत्र हवे, तर ते घडविणारा कारखानाही हवा, हे त्याने दाखवून दिले. गांधीजींनी तेही कबूल केले. मात्र असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, अशी पुस्ती जोडली. प्रश्नकर्त्याच्या आग्रहामुळे विधान अधिक रेखीव झाले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सप्टेंबर १९२५ मध्ये रवींद्रनाथांनी पुन्हा लिहिले. एकाच क्रियेच्या आवर्तनाने बुद्धी मंदावते, असे त्यांचे म्हणणे होते. या टीकेच्या मुळाशी मत्सर आहे, अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली होती. नोव्हेंबरमधील उत्तरात गांधीजींनी ती निराधार ठरवून, असा संशय दुर्बलतेचा व असहिष्णुतेचा द्योतक आहे, असे बजावले. मग शिफारशीची मर्यादा स्पष्ट केली: कोणी आपला व्यवसाय सोडावा, असे आपण म्हटलेले नाही, कोट्यवधी अर्धबेकारांस पूरक धंदा हवा, आणि इतरांनी राष्ट्रासाठी रोज तीस मिनिटे द्यावीत, एवढेच आपले मागणे आहे.

शब्दांची उत्तरे येथवर झाली. चरखा फारच थोडे सूत देतो, हा आक्षेप मात्र शब्दांनी मिटणारा नव्हता. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मोजून घेता येतील अशा होत्या: किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, यंत्र हाताने वा पायाने चालावे, आणि आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. आपल्या किर्लोस्करवाडीसही या स्पर्धेसाठी यंत्र तयार झाले होते. तथापि सर्व अटींस कोणतेच यंत्र उतरले नाही आणि बक्षीस कोणासही मिळाले नाही. कसोटी सैल करून एखादा विजयी ठरविणे अशक्य नव्हते. तसे झाले नाही, यातच त्या कसोटीचे मोल आहे.

गांधीजी व रवींद्रनाथ यांपैकी कोणाचा पक्ष बरोबर, हा वाद येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही. शिक्षकांस यातून घेण्याजोगे आहे ते एवढेच की, टीकेतील खरे तेवढे कबूल करावे, आपण काय सुचविले व काय सुचविले नाही हे नेमके सांगावे, टीकाकाराच्या हेतूवर शंका घेऊ नये, आणि जेथे मोजता येते तेथे वाद न घालता मोजावे.

त्या पत्रलेखकांस आमचे उत्तर असे: आपला आक्षेप यथार्थ आहे. आम्ही आमची शिफारस तूर्त मागे घेत आहोत. येत्या सत्रात एका वर्गास पुस्तकावर व दुसऱ्यास टॅबवर तेच धडे स्वतः शिकवू, दोन्ही वर्गांचे वाचन एकाच कसोटीने तपासू, आणि जे आढळेल ते, आमच्या विरुद्ध गेले तरी, याच पृष्ठांतून वाचकांपुढे ठेवू.