मिरीच्या एका दाण्याचं भाडं

२०२५ च्या उन्हाळ्यात लंडनला भाचीकडे राहिलो होतो. आम्ही कोकणी मुसलमान; आमच्या गावात विलायतेला कुणी नाही असं घर शोधावं लागतं. भाचीनं वर्षभरापूर्वीच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला. एका संध्याकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "मामू, या घराची आता ऐंशी वर्षं आणि पाच महिने उरलेत." मला वाटलं, इमारत धोकादायक ठरली असणार. मुंबईत घराच्या वयाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे नोटीसच येते. पण इमारत ठणठणीत होती. संपत चालली होती ती तिची मुदत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट विकत घेणं म्हणजे बहुतेक वेळा भाडेपट्टा विकत घेणं. बँकेचं कर्ज काढायचं, पूर्ण किंमत मोजायची आणि हाती येतात ९९ किंवा १२५ वर्षं. त्यातली किती उरलीत, तेवढी तुमची. जमीन दुसऱ्याची; मुदत सरली की घरही त्याचं. वर दरसाल जमिनीचं भाडं द्यायचं ते वेगळं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये लोक फ्लॅटचे सरळ मालक असतात, म्हणजे याला काही इलाज नव्हता असंही नाही.

या रीतीची एक मोठी मुळी लंडनच्या पश्चिमेला सापडते. १६७७ साली सर टॉमस ग्रॉव्हनर यांचं लग्न मेरी डेव्हिस हिच्याशी झालं. मुलगी बारा वर्षांची. तिच्या वारशात सुमारे पाचशे एकर जमीन होती, तेव्हा गावाबाहेरची, बरीचशी कुरणाची आणि पाणथळ. पुढे तिथं मेफेअर उठलं, मग बेलग्रेव्हिया. ग्रॉव्हनर घराण्यानं जमीन विकली नाही. बांधणाऱ्याला ती पट्ट्यानं द्यायची, बहुधा ९९ वर्षांच्या. त्यानं स्वतःच्या पैशानं घर बांधायचं, विकायचं. आणि मुदत भरली की घरासकट जमीन परत. आजोबांनी एक वीटही न लावता नातवंडांच्या पदरात अख्ख्या गल्ल्या पडायच्या.

मुंबईकरांना यात नवल वाटायला नको. त्या लग्नाच्या नऊच वर्षं आधी, १६६८ साली, इंग्लंडच्या राजानं अख्खं मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं होतं.

पट्ट्याची खरी टोचणी कळली ती दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं ९९ वर्षांच्या पट्ट्यांवर घरांच्या रांगा उठल्या होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर मुदती भरत आल्या आणि खाणकामगारांच्या म्हाताऱ्या विधवांना कळलं, की आपण राहतो ते घर आपलं नाहीच. त्या ओरड्यातून १९६७ चा कायदा झाला. घरवाल्यांना जमीन विकत घेण्याचा किंवा मुदत पन्नास वर्षांनी वाढवून घेण्याचा हक्क मिळाला. ग्रॉव्हनरांचे वंशज म्हणजे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. त्यांच्या इस्टेटीचे विश्वस्त याविरुद्ध थेट स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८६ साली हरले.

पण हा हक्क स्वतंत्र घरांना होता, फ्लॅटना नाही. फ्लॅटच्या खाली जमीन नसते, दुसऱ्याचं छत असतं, मागणार काय? त्यांच्यासाठी कायदा यायला १९९३ साल उजाडलं. सव्वीस वर्षं! आता किंमत देऊन फ्लॅटची मुदत नव्वद वर्षांनी वाढवून घेता येऊ लागली. तेव्हाच्या ड्यूकनी निषेध म्हणून हुजूर पक्ष सोडला.

भाचीची घाई मात्र ऐंशीच्या आकड्यापायी होती. पट्टा लांबला की फ्लॅटची किंमत वाढते. जुना पट्टा आणि जमीनदाराचा हक्क यांची गाठ पडून जे जास्तीचं मोल निघतं, त्याला तिथले वकील चक्क 'विवाहमूल्य' म्हणतात. मला मेरी डेव्हिस आठवली. २००२ च्या कायद्यानुसार ऐंशीपेक्षा जास्त वर्षं उरली असतील तर हे मोल धरायचं नाही. ऐंशीखाली एक दिवस गेला, तरी त्यातलं अर्धं जमीनदाराला.

अर्धं! माझे आजोबा खोताचं कूळ. निम्मं भात खोताच्या कणगीत जायचं. आम्ही त्याला अर्धेल म्हणायचो. १९४९ साली खोती कायद्यानं गेली, १ एप्रिल १९५७ ला कूळ जमिनीचा मालक ठरलं. आणि त्याच घरातली पोर साहेबाच्या देशात पुन्हा अर्धेलीचा हिशेब करत बसली होती.

२०२४ साली ब्रिटिश संसदेनं नवा कायदा केला. मुदतवाढ नव्वदऐवजी ९९० वर्षांची, विवाहमूल्य रद्द. पण सगळी कलमं एकदम लागू झाली नाहीत. अर्ज करण्याआधी दोन वर्षं घर ताब्यात असण्याची अट तेवढी ३१ जानेवारी २०२५ ला गेली. मग भाचीनं थांबायचं की नोटीस द्यायची? थांबलं आणि उरलेली कलमं लागू झाली तर फायदा. लांबली तर पाच महिन्यांत ऐंशीची रेघ ओलांडली जाणार. नोटीस दिली तर जमीनदाराच्या वकिलाची आणि मूल्यमापकाची फीही तिनंच भरायची. तिनं दोन रात्री कागदावर आकडेमोड केली. मी चहा करत राहिलो, दुसरं काय करणार?

तिसऱ्या दिवशी तिनं नोटीस पाठवली. किंमत काय ठरायची ती ठरो, वर्षं त्या तारखेला मोजली गेली, ऐंशीच्या वर.

तिच्या कागदांत मला एक शब्द भेटला. मुदत वाढली की जमिनीचं वार्षिक भाडं उरतं फक्त मिरीचा एक दाणा. कराराला काहीतरी मोबदला लागतो म्हणून कायद्यानं तोंडदेखला ठेवलेला. एकेकाळी ज्या मिरीसाठी गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली, ती आता शून्याच्या जागी बसली आहे. भाचीनं वकिलाला विचारलं, हा दाणा पाठवायचा कुठं? तो हसला, म्हणाला, मागितला तरच द्यायचा, आणि मागत कुणीच नाही.

तिच्या स्वयंपाकघरात मिरीची बरणी आहे. आमच्या वाडीतली, पोफळीवर चढलेल्या वेलाची. दरवर्षी कुणी जाणारा असला की मी पिशवीत बांधून देतो. या खेपेला जरा जास्तच नेली होती.