मधुमेहाचें गुपित



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तह उभे राहतात. तीसाहून अधिक वर्षें शाळेंत मींही तोच इतिहास शिकविला. आज ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्याची रणभूमि मात्र स्वयंपाकघर आहे, आणि त्यांतील वीर बहुधा दहाबारा वर्षांचीं मुलें आहेत. लहान वयांत जडणाऱ्या, म्हणजे ज्याला डॉक्टर पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, त्या मधुमेहाची ही कथा आहे.

मधुमेह हा शब्द आपणांस परका नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मजात. त्याचा रोगी कृश असतो. दुसरा अपथ्यामुळें होणारा; त्याचा रोगी बहुधा स्थूल असतो. आपण घरोघरीं ऐकतों तो प्रौढांचा मधुमेह निराळा आणि मुलांचा हा मधुमेह निराळा. यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींना शत्रु समजून नष्ट करते. इन्शुलिन नसलें कीं रक्तांतील साखरेचा शरीराला उपयोग होत नाहीं. ती मूत्रावाटें वाहून जाते, आणि मूल भरपूर खात असूनही वाळत जातें. येथें कोणाचें अपथ्य नाहीं आणि कोणाचा अपराधही नाहीं. मिठाई फार दिली म्हणून मुलाला हा रोग जडला असें म्हणणें हा त्याच्या आईवर अन्याय आहे.

१९२२ पूर्वीं अशा मुलाच्या नशिबीं मरण ठरलेलेंच असे. अमेरिकेंत डॉ. फ्रेडरिक अॅलन यांनीं उपासमारीची एक पद्धति काढली होती. मूत्रांत साखर उतरूं नये इतकेंच अन्न, तेंही तोलून मापून द्यावयाचें. आयुष्य थोडें लांबे, पण तें भुकेचें आयुष्य असे. चार्लस् इव्हान्स ह्यूझ हे १९२१ मध्यें अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. त्यांची कन्या एलिझाबेथ हिला १९१९ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, हा रोग झाल्याचें कळलें आणि ती डॉ. अॅलन यांच्या उपचाराखालीं गेली. १९२२ च्या ऑगस्टमध्यें, पंधरावें वर्ष पुरें होण्याच्या सुमारास, तिचें वजन अवघें ४५ पौंड, म्हणजे सुमारें २० किलो उरलें होतें.

त्याच वर्षीं ११ जानेवारीला, कॅनडांतील टोरांटो येथें, लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला नवा अर्क प्रथमच टोचण्यांत आला होता. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत बँटिंग आणि बेस्ट यांनीं तयार केलेला तो अर्क अशुद्ध होता. त्यानें फारसा गुण आला नाहीं; सुईच्या जागीं गळूं मात्र झालें. कॉलिप यांनीं तो शुद्ध केला, आणि २३ जानेवारीला पुन्हां टोचल्यावर साखर उतरली. पुढें बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं आपला पेटंटचा हक्क एकेका डॉलरला विद्यापीठास देऊन टाकला. ऑगस्टमध्यें एलिझाबेथ बँटिंग यांच्याकडे आली, आणि इन्शुलिन सुरूं होतांच पुन्हां पोटभर जेवूं लागली.

येथें कथा संपली असें पुष्कळांस वाटतें. खरें तर रोग्याची कथा येथून सुरूं झाली. इन्शुलिननें रोग बरा होत नाहीं. आजचा दिवस मिळतो, उद्यांचा उद्यां मिळवावा लागतो. त्या काळीं कांचेची पिचकारी उकळावयाची, बोथट झालेली सुई दगडावर घासावयाची, अन्न तराजूंत तोलावयाचें. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत मूत्राचे थेंब टाकून तें तापवावयाचें. रंग निळाच राहिला तर ठीक, विटेसारखा तांबडा झाला तर साखर फार. आणि हें सारें रोज.

एलिझाबेथनें तें जवळजवळ ५९ वर्षें केलें. तिनें लग्न केलें, तीन मुलांना वाढविलें, आणि १९८१ मध्यें ती ७३ व्या वर्षीं वारली. तोंवर तिनें सुमारें ४२ हजार वेळां सुई टोचून घेतली होती. परंतु आपला रोग तिनें आयुष्यभर लोकांपासून लपवून ठेवला.

याच्या अगदीं उलट उदाहरण लंडनच्या डॉ. आर. डी. लॉरेन्स यांचें. ऐन तारुण्यांत मधुमेह झाल्याचें कळल्यावर, मरण घरापासून दूर यावें म्हणून ते इटलींत फ्लॉरेन्स येथें जाऊन राहिले होते. १९२३ मध्यें इन्शुलिन मिळाल्याची तार आली आणि ते परतले. पुढें त्यांनीं रोग्यांसाठीं पुस्तक लिहिलें, आणि १९३४ मध्यें मधुमेही लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह मधुमेही लोकांची संस्था स्थापन केली. आपला रोग त्यांनीं उघडपणें सांगितला, आणि तसें सांगण्याचें बळ इतरांनाही दिलें.

दोघेही जगले. मग लपविलें काय आणि सांगितलें काय, फरक कोणता? तो मला पुस्तकांत कळला नाहीं, माझ्याच वर्गांत कळला.

सातवीचा वर्ग होता. मधल्या सुट्टीपूर्वींचा तास. एका हुशार मुलाला मीं प्रश्न विचारला, तर तो भलतेंच बोलूं लागला. त्याला दरदरून घाम सुटला होता. मला तो उर्मटपणा वाटला. तेवढ्यांत त्यानें खिशांतून साखरेची पुडी काढली. मीं ती हिसकावून घेतली. तोंच शेजारचा मुलगा ओरडला, "सर, ती त्याला द्या! नाहीं तर तो पडेल!" दहापंधरा मिनिटांत मुलगा सावध झाला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई आली. धाकट्या बहिणीच्या लग्नाला पुढें अडचण येईल, या भयानें घरांतल्यांनीं ही गोष्ट शाळेला कळविली नव्हती. मीं तिची क्षमा मागितली. पण तिच्या भयाला आपणां सर्वांचें अज्ञानच कारण होतें, हेंही मला त्या दिवशीं उमगलें.

इन्शुलिन घेणाऱ्या मुलाची साखर कधीं कधीं एकाएकी उतरते. घाम, कंप, चिडचिड, असंबद्ध बोलणें हीं त्याचीं लक्षणें. अशा वेळीं मूल शुद्धीवर असेल आणि त्याला गिळतां येत असेल, तर तीन चमचे साखर तत्काळ द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं घालूं नये, डॉक्टरांना बोलवावें. आणि मूल एकाएकी फार पाणी पिऊं लागलें, वारंवार लघवीला जाऊं लागलें, वाळूं लागलें, तर त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें. इन्शुलिन मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बंद करूं नये.

आतां साधनें पुष्कळ सुधारलीं आहेत. जंतूंकरवीं तयार केलेलें मानवी इन्शुलिन १९८२ पासून मिळूं लागलें. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबानें घरींच साखर मोजतां येते. साखर नीट आटोक्यांत ठेविली तर डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु यांची हानि पुष्कळ टळते, हें १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासानें सिद्ध झालें. परंतु कोणतेंही यंत्र शेजारच्या बाकावरील त्या मित्राची जागा घेऊं शकणार नाहीं.

बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. म्हणून तो दिवस जगभर मधुमेहदिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तोच बालदिन आहे. त्या दिवशीं आपल्या मुलांना एवढेंच सांगावें कीं, वर्गांतील एखाद्या सोबत्यानें डब्यापूर्वीं सुई टोचून घेतली तर हंसूं नये, आणि त्यानें तासाला साखर खाल्ली तर ती हिसकावूं नये. हा धडा मला फार उशिरां मिळाला. त्यांना तो वेळेवर मिळावा.